कॉलरा आणि प्लेगची लस काढणाऱ्या हाफकिन यांना मलेरियानं गाठलं, पण त्यावरची लस यायला सव्वाशे वर्षं का लागली?

पावसाळ्यात पावस आणि आजूबाजूच्या वाड्यांत दोन गोष्टींची धास्ती असते. एक पायाखाली येणाऱ्या फुरश्याची आणि दुसरी थंडीतापाची.

फुरसं चावलं की माणसाला उचलून थेट दवाखान्यात नेतात. तिथं जी सापाची लस देतात ती घोड्याच्या रक्तातून तयार होते. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देतात, त्याचं शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच प्रतिपिंडं पुढे माणसाचा जीव वाचवतात. महाराष्ट्रात या लसीच्या बाटलीवर बरीच वर्षं एक नाव छापलेलं दिसत आलंय. ते म्हणजे हाफकिन.

हुडहुडी भरून ताप आला तर मात्र बोटातून रक्ताचा थेंब काढून काचपट्टीवर घेतात. मलेरिया निघाला तर गोळ्या सुरू होतात. गावातल्या बाळाला बीसीजीपासून गोवरापर्यंत एकामागून एक लसी मिळतात, पण मलेरियाची लस त्या यादीत नसते.

आता योगायोग बघा. ज्या माणसाच्या नावानं ही बाटली ओळखली जाते, त्यांनी कॉलऱ्याची लस काढली, प्लेगची लस काढली आणि भारतात आल्यावर त्यांना स्वतःलाच मलेरियानं आडवं केलं. त्या रोगावर मात्र त्यांची पद्धत चालण्यासारखी नव्हती. असं का, हे समजून घ्यायचं असेल तर वाल्देमार हाफकिन यांची गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

ओडेसाचा विद्यार्थी, पॅरिसचा ग्रंथपाल

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, ओडेसामधला. आज हे शहर युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. कुटुंब ज्यू होतं. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ हे गुरू मिळाले. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना अक्षरशः गिळून टाकतात, हे याच मेचनिकॉफ यांनी पुढे दाखवून दिलं आणि १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं. थोडक्यात, शरीर रोगाशी कसं लढतं हा प्रश्न हाफकिन यांच्यासमोर अगदी तरुणपणापासून होता.

पण तो काळ ज्यूंसाठी वाईट होता. १८८१ मध्ये रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यांना अटक झाली आणि मेचनिकॉफ यांच्या रदबदलीमुळे सुटका झाली. पुढे प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी तो बदलला नाही आणि ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात नोकरी करत राहिले.

त्यांचं सुरुवातीचं संशोधन एकपेशीय जीवांवर होतं. पाण्याच्या थेंबात फिरणाऱ्या युग्लिना आणि पॅरामिशियम या जीवांचा त्यांनी अभ्यास केला. मलेरियाचा परजीवीही एकपेशीयच असतो, हे इथं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ आधीच पोहोचले होते, पण जागा रिकामी होती ती फक्त ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती घेतली. पुस्तकं सांभाळायची आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवायचा.

गिनीपिग, ससे आणि मग स्वतःचं शरीर

तेव्हा कॉलरा युरोपात पुन्हा पसरत होता. हाफकिन यांनी कॉलऱ्याचे जंतू घेतले आणि गिनीपिगच्या पोटाच्या पोकळीत टोचले. त्यातून मिळालेले जंतू पुढच्या गिनीपिगला, त्यातले त्याच्या पुढच्याला. असं करत करत जंतू जास्त जहाल झाले आणि त्यांची ताकद एकसारखी राहायला लागली. दुसरीकडे उष्णता आणि हवा देऊन त्यांनी जंतूंचा सौम्य प्रकार तयार केला. आधी सौम्य टोचायचा, काही दिवसांनी जहाल टोचायचा. प्राणी जगले. आता त्यांना जीवघेणा डोस दिला तरी ते मरत नव्हते.

यामागचं तत्त्व सोपं आहे. शरीराला शत्रूची ओळख आधीच करून दिली की खऱ्या हल्ल्याच्या वेळी ते लगेच कामाला लागतं. पण प्राण्यात जे घडलं ते माणसात घडेलच, याची खात्री कोणी देऊ शकत नव्हतं. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं आणि काही दिवसांत ते बरे झाले.

आता लस खऱ्या साथीत तपासायची होती. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत होते लॉर्ड डफरिन, भारताचे माजी व्हाइसरॉय. त्यांनी भारतात जायचं सुचवलं आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले.

सुरुवातीला लोकांनी दगड मारले. परका माणूस सुई घेऊन वस्तीत आला तर दुसरं काय होणार? मार्च १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काटाल बागान वस्तीत कॉलऱ्याचे रुग्ण निघाले. तिथल्या साधारण २०० लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत १० जणांना कॉलरा झाला आणि ७ जण दगावले. ते सगळे लस न घेतलेले होते. त्यानंतर चहाच्या मळ्यांपासून सैन्याच्या छावण्यांपर्यंत हाफकिन यांना बोलावणी यायला लागली. सोबत भारतीय डॉक्टरही होते आणि त्यांच्यामुळे वस्त्यांत शिरणं सोपं जायचं.

आणि मलेरियानं गाठलं

या फिरतीतच १८९५ मध्ये हाफकिन यांना मलेरिया झाला. तब्येत इतकी ढासळली की काम सोडून इंग्लंडला जावं लागलं.

जंतूंविरुद्ध शरीराला तयार करण्यात त्या काळी ज्यांचा हात धरणारे मोजकेच लोक होते, त्यांच्याकडे स्वतःच्या तापावर क्विनाइनशिवाय काही नव्हतं. याचं कारण त्यांच्या पद्धतीतच आहे. त्या पद्धतीला तीन गोष्टी लागायच्या. पहिली, जंतू बाटलीत वाढवता आला पाहिजे. दुसरी, प्रयोगशाळेतल्या प्राण्याला तो रोग देता आला पाहिजे, म्हणजे लस चालते की नाही हे बघता येईल. तिसरी, जंतू मारला किंवा सौम्य केला तरी शरीरानं त्याला नंतर ओळखलं पाहिजे.

मलेरिया तिन्ही ठिकाणी अडतो. फ्रेंच डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० मध्येच मलेरियाचा परजीवी माणसाच्या रक्तात पाहिला होता, पण तो बाटलीत सलग वाढवायला विज्ञानाला १९७६ पर्यंत थांबावं लागलं. माणसाचा मलेरिया सशाला किंवा गिनीपिगला होत नाही. आणि हा परजीवी शरीरात गेल्यावर एका रूपात राहत नाही. डास चावला की तो तासाभराच्या आत यकृतात शिरतो. तिथं रूप बदलून बाहेर पडतो आणि लाल रक्तपेशींत घुसतो. पेशीच्या आत लपल्यामुळे प्रतिपिंडांना सापडत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर जी खूण दिसते, तीही तो अधूनमधून बदलत राहतो. शरीर एक चेहरा ओळखायला शिकतं, तोवर परजीवीनं दुसरा लावलेला असतो.

म्हणूनच एकाच माणसाला मलेरिया पुन्हा पुन्हा होतो. वारंवार संसर्ग होणाऱ्या भागात मोठ्या माणसांत काही वर्षांनी थोडी प्रतिकारशक्ती तयार होते, पण तीही अर्धवट असते आणि तो भाग सोडला की कमी होत जाते.

मुंबईतली एक खोली आणि तुपाचे थेंब

तब्येत पूर्ण सुधारलेली नसतानाही हाफकिन १८९६ मध्ये भारतात परतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारनं हाफकिन यांना बोलावून घेतलं आणि ७ ऑक्टोबरला ते मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढीच त्यांची प्रयोगशाळा.

बाहेर शहर रिकामं होत होतं. गिरण्यांतले कितीतरी कामगार रत्नागिरी जिल्ह्यातले होते. लोक मिळेल त्या बोटीनं कोकणातल्या आपल्या गावांकडे निघाले. मुंबईची साथ ही फक्त मुंबईची राहिली नव्हती. पोराची चाळ बंद झाली का, बोट कधी लागणार आणि तो सोबत आजार तर आणणार नाही ना, ही काळजी कोकणातल्या घराघरांत होती.

प्लेगचा जंतू मात्र वरच्या तीन अटींत बसत होता. तो मटणाच्या पाण्यात वाढत होता. हाफकिन यांच्या लक्षात आलं की पाण्यावर तुपाचे थेंब सोडले की जंतू त्या थेंबांना धरून गुहेतल्या लोंबत्या खडकांसारखे खाली वाढत जातात. अशी भरपूर वाढ झाली की बाटली तापवून जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंची ही लस डिसेंबर १८९६ मध्ये सशांवर यशस्वी झाली.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पुन्हा तेच केलं. पुढे लोकांना देणार होते त्यापेक्षा मोठा डोस स्वतःला टोचून घेतला. जोराचा ताप आला, टोचलेली जागा ठणकली, पण ते सावरले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस दिली. टोचण्याच्या दिवशीच ज्यांच्यात लक्षणं होती ते सोडले, तर पुढच्या काही दिवसांत लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ जण गेले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला आणि दोघंही वाचले.

ही लस घेणं ऐच्छिक होतं, हे त्या काळात फार महत्त्वाचं होतं. कारण प्लेगच्या नावाखाली सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते. पुण्यात त्याचा राग इतका साठला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर हल्ला केला. अशा वातावरणात सरकारची माणसं सुई घेऊन आली तर दंड पुढे कोण करणार? तिसरे आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः लस घेतली आणि माझगावचं आपलं खुश्रू लॉज प्रयोगशाळेसाठी दिलं. मग रांगा लागायला सुरुवात झाली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले. कोकणातून केईएमला पेशंट घेऊन येणारे लोक आजही याच परळमधल्या हाफकिन संस्थेच्या जवळून जातात.

एका बाटलीनं सगळं घालवलं

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव, जे आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथं प्लेगची लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण पुढच्या काही दिवसांत धनुर्वातानं मेले. सगळ्या १९ जणांना एकाच बाटलीतून लस दिली होती.

चौकशी बसली. हाफकिन यांनी जंतू मारताना कार्बोलिक ॲसिडऐवजी फक्त उष्णतेवर भर दिला होता. धनुर्वाताचे जंतू मुंबईतच बाटलीत गेले, असा ठपका आला. हाफकिन यांना कामावरून बाजूला केलं आणि ते १९०४ मध्ये लंडनला गेले.

पण हे प्रकरण तपासलं तर वेगळंच दिसत होतं. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. ते जर मुंबईपासून बाटलीत वाढत असते तर बाटलीला घाण वास आला असता. टोचणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. पण हा कागद सरकारी फायलींमध्ये पडून राहिला आणि हाफकिन यांच्या आयुष्यातली चार-पाच वर्षं त्यात गेली.

त्यांच्या बाजूनं लढायला जे शास्त्रज्ञ पुढे आले, त्यात आघाडीवर होते रोनाल्ड रॉस. मलेरिया डासामुळे पसरतो हे सिद्ध करणारे तेच रॉस. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला होता. पण डास तो रोग दुसऱ्या शरीरात सोडतो, हे दाखवायला त्यांनाही प्राण्यांकडेच वळावं लागलं. माणसाचा मलेरिया सशाला होत नाही, पण पक्ष्यांना त्यांचा स्वतःचा मलेरिया असतो. १८९८ मध्ये कलकत्त्याला रॉस यांनी आजारी पक्ष्यांना चावलेले डास निरोगी चिमण्यांवर सोडले आणि चिमण्या आजारी पडल्या. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे ज्या वर्षी हाफकिन यांच्यावर आभाळ कोसळलं, त्याच वर्षी.

जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून हाफकिन निर्दोष असल्याचं मांडलं. अखेर सरकार नमलं आणि हाफकिन यांना पुन्हा भारतात नोकरी दिली. पण परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याला जागा मिळाली, तिथं लसीचे मोठे प्रयोग करायला वाव नव्हता. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपात परतले. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं धर्मात आणि ज्यू शाळांच्या मदतीत गेली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये त्यांचं निधन झालं.

परळच्या संस्थेला त्यांचं नाव १९२५ मध्ये दिलं गेलं, म्हणजे ते हयात असतानाच. तोवर मुंबईतून प्लेगच्या लसीचे सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले होते.

मग मलेरियाचं काय झालं?

हाफकिन यांचाच धागा दुसऱ्यांनी पुढे नेला, पण वेगळ्या प्राण्यांवर. १९४० नंतर लगेच तमिळनाडूतल्या कुन्नूरला मुलिगन, रसेल आणि मोहन या संशोधकांनी कोंबड्यांना होणारा मलेरिया घेतला. डासाच्या लाळग्रंथीत असतं ते परजीवीचं रूप निकामी करून त्यांनी कोंबड्यांना टोचलं. कोंबड्यांत काही प्रमाणात प्रतिकारशक्ती आली. कल्पना हाफकिन यांच्यासारखीच होती. शत्रू निकामी करून शरीराला दाखवायचा. फक्त अनेक रूपांपैकी नेमकं कोणतं दाखवायचं, हे इथं कळायला लागलं होतं.

१९६७ मध्ये न्यूयॉर्कला रूथ नुसेनझ्वाइग यांनी हेच रूप क्ष-किरणांनी निकामी करून उंदरांना दिलं. उंदीर नंतरच्या संसर्गाला पुरून उरले. परजीवी यकृतात शिरायच्या आधीच त्याला गाठलं तर शरीर जिंकू शकतं, हे यातून दिसलं. मग त्या रूपाच्या अंगावरचं एक प्रथिन ओळखलं गेलं आणि आजच्या लसी त्याच प्रथिनावर उभ्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेनं मलेरियाच्या पहिल्या लसीची शिफारस ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आर-२१ या दुसऱ्या लसीची शिफारस झाली. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली ही लस बनते पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये. प्लेगच्या लसीसारखं इथं एका टोचण्यानं भागत नाही, चार डोस लागतात, आणि संरक्षण काळानुसार उतरत जातं. ती मुख्यतः आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी आहे, कारण तिथं फाल्सिपेरम हा जीवघेणा मलेरिया सर्वांत जास्त मुलं नेतो. आपल्याकडे व्हायवॅक्स नावाचा मलेरियाही बराच आढळतो. तो यकृतात दबा धरून बसतो आणि नंतर पुन्हा उलटतो. त्यावर ही लस नाही.

म्हणून पावसमध्ये आज कुणाला थंडीताप आला तर उपाय जुनाच आहे. लगेच रक्त तपासायचं. व्हायवॅक्स निघाला आणि डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून त्या बंद करायच्या नाहीत, कारण यकृतात लपलेला परजीवी त्या उरलेल्या गोळ्यांनीच मरतो. आणि घराभोवती पाणी साचू द्यायचं नाही.

ज्या रोगानं हाफकिन यांना १८९५ मध्ये बोटीत बसवून परत पाठवलं, त्याच्यावरची लस आज महाराष्ट्रात तयार होऊन आफ्रिकेला जाते. व्हायवॅक्सची लस अजून यायची आहे. तीही आधी कुठल्यातरी प्राण्यात चालेल, मग कुणीतरी स्वतःचा दंड पुढे करेल आणि मगच ती पावसच्या बाळापर्यंत पोहोचेल.